लघवीतला लाल दिवा

यंत्रांच्या बाबतीत आमच्या बेटावर माझा हात धरणारा कोणी नाही! होड्यांची इंजिनं मी डोळे मिटून खोलतो. त्यामुळे लूर्डेस नर्सबाईंनी ते तळहाताएवढं यंत्र हातात ठेवलं, तेव्हा मी निम्मंच ऐकलं.

"रोमुलो, या यंत्राच्या पट्टीत केसाएवढ्या नळ्या आहेत. लघवीचा एक थेंब टाकायचा. प्रथिनं वाढली असली तर लाल दिवा लागेल. तुझ्या बायकोला, एस्तेरला, आठवा महिना सरत आलाय, लाल दिसलं तर तडक इस्पितळ! आणि लघवी याच डबीत घ्यायची."

"बाई, हे तर खेळणं आहे!"

डबी वाटेतच चिखलात पडली. घरी ओट्यावर एक काचेचा पेला दिसला. एस्तेरला तोच दिला, थेंब टाकला. दिवा लालभडक!

 याच दुखण्यात थोरल्या मेव्हणीला झटके आले होते. ती वाचली, बाळ नाही.

"पुन्हा बघ ना," एस्तेर म्हणाली. 

त्याच पेल्यातला दुसरा थेंब. पुन्हा लाल!

"डोकं दुखतंय का गं?"

"तू बोंबलतोयस म्हणून दुखतंय!"

"डोळ्यांपुढे अंधारी?"

"तूच उभा आहेस डोळ्यांपुढे!"

तिला होडीत बसवलं आणि निघालो. अर्ध्या खाडीत इंजिन खोकलं आणि गप्प झालं. माझं स्वतःचं इंजिन! मी वल्ही उचलली आणि सुटलो. वारा उलटा, लाटा तोंडावर. एस्तेर दोन्ही हात पोटावर ठेवून बसलेली.

"रोमुलो, बाळ हलत नाहीये रे."

  मी नुसता वल्हवत राहिलो.

बऱ्याच वेळाने ती ओरडली, "हललं! लाथ मारली मेल्यानं!" मी रडत होतो, पण तोंडावर समुद्र होता म्हणून तिला कळलं नाही.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. "रक्तदाब उत्तम. लघवी स्वच्छ. कोणी सांगितलं प्रथिनं वाढलीत म्हणून?"

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, ओट्यावरचा पेला कुठे नेलात? फ्लानच्या पुडिंगसाठी अंड्यांचे बलक वेगळे काढले, पांढरं त्या पेल्यात होतं. ते ओतून टाकलं, पण पेला विसळायचा राहिलाय!"

डॉक्टरीणबाई हसून हसून खुर्चीत कोसळल्या. "अहो, अंड्याचं पांढरं म्हणजे प्रथिनंच! यंत्र बिचारं खरं बोललं!"

मी पण हसायला गेलो आणि तिथेच जमिनीवर बसलो. मग माझीही तपासणी झाली. धुतलेल्या, नव्या डबीत. दिवा लाल!

"घाबरू नका. जिवापाड वल्हवलं की होतं असं कधीकधी. आज इथेच पडून राहा, उद्या पुन्हा बघू."

पण खाट रिकामी होती ती एकाच ठिकाणी, बाळंतपणाच्या वॉर्डात. एस्तेर उशाशी बसून मला वारा घालत होती आणि माझ्या वाटणीचं सूप पीत होती. शेजारच्या खाटेवरच्या पोटुशीने माझ्या सुटलेल्या पोटाकडे निरखून पाहिलं.

"कितवा?" तिने एस्तेरला हळूच विचारलं.