सुकेशनीच्या स्वप्नांचं फोल्डर

आमचा कॉम्प्युटर रोज मोठ्या अदबीनं विचारायचा, 'अपग्रेड करू का?' आणि मी रोज 'नंतर' दाबायचो. (कारकुनाला हे बटण फार प्रिय. ऑफिसात मी ते तोंडानं दाबतो.) पण त्या रविवारी भाकरी आणि वांग्याचं भरीत जरा जास्तच झालं होतं, परभणीचं ऊन खिडकीला टेकून बसलं होतं, आणि पेंगणाऱ्या माणसाला नाही म्हणायचाही कंटाळा येतो. मी 'हो' दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. त्याच्याकडे बघता बघता खुर्चीतच माझा डोळा लागला.

जागा झालो तर पडदा नवाकोरा, निळाशार. आणि माझं फोल्डर गायब!

हे फोल्डर कसलं ते सांगतो. माझी बायको सुकेशनी शाळेत शिकवते, आणि तिला स्वप्नं पडतात. मला एकही पडत नाही. सकाळी चहा देताना ती म्हणते, "रात्री काय सपान पडलं म्हणता!" की माझे कान उभे. (एरवी ती घरातलं काहीबाही सांगते तेव्हा माझं लक्ष कुठं असतं, देव जाणे.) ती आंघोळीला गेली की मी ते स्वप्न गुपचूप टाइप करून ठेवायचो. तिला कळलं तर सांगायची बंद होईल, म्हणून फोल्डर लपवलेलं. लपवलेलं फोल्डर पडद्यावर फिकट दिसतं, पहाटेच्या स्वप्नासारखं. मला ते फार आवडायचं.

आणि स्वप्नं तरी कसली एकेक! एकात नळातून थेंब थेंब पाणी गळतंय आणि कुणी बंदच करत नाही. (मी खाली टीप दिली होती: 'आयुष्य!') एकात पत्र्याला भोक पडलंय आणि त्यातून चांदणं थेट पिठाच्या डब्यावर उतरतंय. ('प्रकाशाची ओढ.') एकात कूलर कोरडाच कण्हतोय. ('तहान. पण कुणाची?') दुपारी मी हे वाचत बसायचो, तेव्हा स्वयंपाकघरात आमचा खरा नळ टप टप वाजायचा, खरा कूलर कण्हायचा, आणि मला वाटायचं, वा, साथसुद्धा काय लाभलीय!

पण जीव अडकला होता तो एकाच स्वप्नात. सुकेशनीची माय, सरजाबाई, वारल्यानंतर एकदा तिच्या स्वप्नात माहेराहून, वालूरहून आली होती. ते सांगताना सुकेशनी हुंदके देत होती. परवा म्हणाली, "माय काय म्हणली होती ते आता आठवतच न्हाई ओ." माझ्याकडे ते शब्दाला शब्द होतं. मायच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या आठवणीच्या दिवशी, तेवढं पान छापून तिच्या हातात ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. आता कुठलं पान!

मी कॉम्प्युटरवाल्या रामला फोन लावला.

"राम, फोल्डर गेलं रे!"

"काय होतं त्यात, सुगतराव?"

"बायकोची स्वप्नं."

"म्हणजे स्वप्नातलं घर, प्लॉटचे कागद का?"

"न्हाई रे, झोपेतली!"

राम मायेनं म्हणाला, "उन्हात फिरलाव का आज? लिंबूपाणी घ्या अन् पडा जरा."

मग मीच कामाला लागलो. दिसेल ते दाबलं. अक्षरं भाकरीएवढी झाली. आणखी काहीतरी दाबलं, तर कॉम्प्युटरमधून एक बाई इंग्रजीत बोलायला लागली. काही केल्या गप्प बसेना! तेवढ्यात आतल्या खोलीतून झोपमोड झालेली सुकेशनी बाहेर आली.

"कोण बाई बोलायली ओ घरात?"

"कॉम्प्युटर हाय तो."

"मग घाम कशाला फुटलाय? काय हुडकायलाव?"

"काही न्हाई. ऑफिसचं..."

"सपनाचं फोल्डर व्हय?"

तिनं आधी त्या बाईला गप्प केलं. मग वरच्या पट्टीत 'व्ह्यू' उघडलं आणि 'हिडन आयटम्स'वर टिचकी मारली. फोल्डर फिकट फिकट उगवलं.

"काही गेलं न्हाई. अपग्रेडमधी ही खूण उडाली, म्हणून दिसंना झालं."

"तुला ठाऊक होतं हे?"

"लय दिवसापासून! नळ गळायलाय म्हणलं तर तुमी नुसतं 'हूं' म्हणताव. सपनात गळायलाय म्हणलं की टाइप करताव. म्हणलं, लिहून घेतलंय तर करतील कवातरी. अन् उघडून बघते तर काय, आयुष्य! पुढं वाचलंच न्हाई."

"म्हणजे... एकही स्वप्न खरं नव्हतं?"

ती पानं सरकवत राहिली आणि मायच्या पानाशी थांबली. 'बाई, केस किती कोरडे झालेत गं. सगळ्यांचं बघतीस, ये, तुला तेल लावते.' तिनं ते दोनदा वाचलं. पदर डोळ्यांना लावला.

"हे तेवढं खरं," ती म्हणाली. "हे तुमी जपून ठेवलंत, लय चांगलं केलंत बघा."

दुपार कलली होती. आम्ही दोघं तशीच बसून राहिलो. आत नळ टपकत होता. माझं मन असं भरून आलं म्हणता! मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "सुकेशनी, उद्या सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम नळाचं."

तिनं हात सोडवून घेतला, कीबोर्ड पुढं ओढला आणि फाइलच्या शेवटी टाइप केलं: 'आज हे म्हणले, उद्या नळ नीट करतो.'

आणि खाली, अगदी माझ्यासारखीच, टीप दिली: 'हे बाकी सपानच हाय.'