निव्वळ धावण्यास सक्त मनाई

धावताना कानात काय ऐकावे, हा प्रश्न आमच्या वसाहतीने फार काळ ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला होता. मैदानाभोवती मातीची धावपट्टी होती, सकाळी माणसे धावत होती आणि ज्याला जे हवे ते पुस्तक तो खुशाल कानात लावत होता. अशा स्वैराचाराचे जे व्हायचे तेच झाले. बँकेचे व्यवस्थापक एका विनोदी कथेच्या ऐन रंगात पोट धरून जागीच वाकले आणि मागून डोळ्यांत पाणी आणून धावणाऱ्या दंतवैद्यबाई त्यांच्यावर आदळल्या. त्यांच्या कानात शोकांतिका होती. दोघांचे चष्मे फुटले. त्याहून वाईट म्हणजे दोघांच्याही कथेचा धागा तुटला.

तातडीने धाव-श्रवण समिती नेमण्यात आली. अध्यक्षस्थानी निवृत्त मुख्याध्यापिका आणि चिटणीस मी. मी उभ्या आयुष्यात कधी धावलो नव्हतो, त्यामुळे माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती.

समितीने पट्टीचे विषयवार भाग पाडले. रहस्यकथा ऐकणाऱ्यांना सगळ्यांत बाहेरची कडा दिली, कारण खुनी सापडेपर्यंत ही मंडळी थांबत नाहीत. एकजण तर फाटक ओलांडून हमरस्त्याला लागला होता आणि संध्याकाळी परत आला. आत्मविकासाची पुस्तके ऐकणारे स्वतः धावायचे सोडून बाकीचे कसे चुकीचे धावतात हे सांगत सुटायचे. त्यांना भिंतीकडे तोंड करून जागच्या जागी धावण्याची मुभा देण्यात आली. तत्त्वज्ञानाला मात्र परवानगी नाकारावी लागली. ते ऐकणारे एकमेव गृहस्थ पहिल्याच वळणावर 'पण कशासाठी?' असे म्हणून थांबले आणि घरी निघून गेले.

कोणतेही पुस्तक मंजूर करण्यापूर्वी समितीने ते अथपासून इतिपर्यंत ऐकणे बंधनकारक होते. आता धावता धावता का कुठे मूल्यमापन होते? म्हणून आम्ही अध्यक्षबाईंच्या दिवाणखान्यात, सोफ्यावर बसून ऐकत असू. चहा आला की पुस्तक थांबवायचे, बिस्किटे आली की कुठवर आलो होतो यावर चर्चा करायची. वर्षभरात सर्व सदस्यांचे कपडे घट्ट झाले. समाजकार्य म्हटले की एवढे सोसावेच लागते.

अशात पहारेकऱ्याने बातमी आणली की एक इसम रोज सकाळी कानात काहीही न घालता धावतो. समिती हादरली.

"कानात काही नसताना धावणारा माणूस एक तर चोर असतो, नाहीतर चोराच्या मागे असतो," अध्यक्षबाई म्हणाल्या.

वसाहतीच्या आवारात निव्वळ धावण्यास सक्त मनाई करणारा फलक फाटकाशी लागला. मसुदा माझा, खाली सही माझी. नंतर चौकशीत तो इसम म्हणजे माझेच सासरे निघाले. हे निवृत्त भूमापक, आमच्याकडेच राहतात. काळीज जरा अशक्त, म्हणून शेजारच्या इमारतीतल्या डॉक्टरांनी त्यांना रोज हळूहळू धावायला सांगितले होते.

"जावईबापू, धावताना स्वतःची धाप ऐकत जा म्हणून डॉक्टरांनीच बजावलंय," ते म्हणाले.

धाप मंजूर यादीत आहे का, असे मी त्यांना विचारले. नियमापुढे नातीगोती नाहीत, हेही सांगितले. बायकोने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे टाकले.

तरीही माणुसकी म्हणून मी त्यांच्या कानात बागकामावरचे एक पुस्तक लावून दिले. पण त्यांचा जमाना पडला वेगळा. कुणी आपल्याशी बोलले की उत्तर द्यायचे, ही त्यांची सवय. कुंड्या उन्हात ठेवा, असे पुस्तक म्हणाले की ते थांबून मोठ्याने सांगत, "अहो, पण आमच्याकडे ऊन येतच नाही," आणि पुस्तक काय म्हणते याची वाट बघत. मागे धावणाऱ्यांची गर्दी साचू लागली. दोनदा समज दिल्यावर त्यांनी बूट पलंगाखाली सारले आणि ते खुर्चीत बसले ते बसलेच. पट्टीवरची शिस्त लगेच सुधारली.

मग एका सकाळी त्यांनी छातीवर हात दाबून धरला. चेहरा घामाने डबडबला. डॉक्टर फोन उचलेनात, कारण पुस्तक चालू असताना आलेला फोन घेऊ नये, हा आमचाच नियम. बायको कित्येक महिन्यांनी माझ्याशी बोलली.

"अहो, बाबांना काहीतरी होतंय. डॉक्टर मैदानावर असतील. धावा."

मी धावलो. फाटकाशी पहारेकऱ्याने काठी आडवी धरली.

"साहेब, कानात काय आहे?"

कानात काही नाही, सासऱ्यांच्या छातीत दुखते आहे, असे मी कसेबसे सांगितले. त्याला मनापासून वाईट वाटले. पण त्याने फलकाकडे बोट दाखवले.

"तुमचीच सही आहे, साहेब. चालत जा की. चालायला बंदी नाही."

त्याच्या दक्षतेचे मला कौतुकच वाटले. मी चालत गेलो.

डॉक्टर सगळ्यांत बाहेरच्या कडेने येत होते. चेहरा पांढराफटक, ओठ अर्धवट उघडे. मी दोन्ही हात उंच केले. आमच्या पट्टीवर याचा अर्थ 'पुस्तक झकास' असा होतो, त्यामुळे त्यांनीही दोन्ही हात उंच केले आणि ते पुढे निघून गेले. दुसऱ्या फेरीला मी थेट त्यांच्या वाटेत उभा राहिलो. जागच्या जागी पाय हलवत त्यांनी एका कानातले काढले. मी सगळी हकीकत सांगितली.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "शेवटचं प्रकरण आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिकडे वर एक माणूस जीव मुठीत धरून बसलेला, आणि हे असे. मी त्यांची कॉलर पकडली आणि डोळ्याला डोळा भिडवून विचारले, "कोणतं पुस्तक?"

त्यांनी नाव सांगितले. काय सांगू! वर्षभर सोफ्यावर बसून आम्ही ज्याच्या शोधात होतो ते हेच. हसून वाकायला नको, रडून आदळायला नको, पाय आपोआप पुढे पडतात. डॉक्टर मनाचे मोठे, त्यांनी काढलेले ते टोक माझ्या कानात घातले. आता माझ्या कानात पुस्तक होते, त्यामुळे नियमाने धावायला हरकत उरली नव्हती. शेवटचे प्रकरण संपेपर्यंत आम्ही दोघे खांद्याला खांदा लावून पट्टीवर धावलो, आणि तसेच धावत घरी पोचलो. दाराला कुलूप होते. बायकोने रिक्षा करून बाबांना केव्हाच इस्पितळात नेले होते, म्हणून ते वाचले.

ही हकीकत मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. सगळे हळहळतात, व्यवस्थेला शिव्या घालतात, डॉक्टरांना आणि मला नावे ठेवतात. मग जरा थांबून, अगदी सहज म्हणून, पुस्तकाचे नाव विचारतात. तुमच्याही मनात तेच घोळत असणार. सांगतो, त्यात लपवण्यासारखे काय आहे? फक्त जरा हळू बोलू. सासरे तिथे समोरच्या खुर्चीत बसले आहेत. आता तरी आपल्याबद्दल कुणी काही विचारील म्हणून ते मघापासून घसा खाकरून तयार आहेत.