भिंतीत गेलेले मासे

बाथरूममधली बादली रिकामी दिसली तेव्हा संशोधकाने आधी स्वतःची समजूत घातली, की ही दुसरी बादली असेल. घरात बादली एकच होती. मग त्याने भिंतीकडे पाहिलं. कालपर्यंत पापुद्रे सुटलेली ओली भिंत आज ताज्या प्लास्टरने गुळगुळीत झाली होती, आणि तिच्यासमोर हातात थापी घेऊन त्याचे सासरे उभे होते. सासरे जन्मभर गवंडी. ते निवृत्त झाले होते, थापी झाली नव्हती.

"बाबा, या बादलीत वाळू होती."

"होती ना. जरा बारीक होती, पण चालून गेली."

"कुठे चालून गेली?"

सासऱ्यांनी थापीने भिंत दाखवली.

संशोधक कमोडच्या झाकणावर मटकन बसला. "त्यात अंडी होती."

"कसली?"

"माशांची."

"घरात फ्रीज असताना?"

आता सांगायचं तरी काय? मासा बोटाएवढा, चंदेरी. उधाणाच्या भरतीला झुंडीने अगदी काठावर येतो, ओल्या वाळूत अंडी सोडतो आणि मागे न बघता निघून जातो. एकेक अंडं वाळूच्या कणाला चिकटतं आणि दिसतंही कणासारखंच. सावली आणि ओल मिळाली की आत पिल्लू तयार होतं, पण पुढच्या उधाणाची लाट येऊन गदागदा हलवेपर्यंत बाहेर यायचं नाव घेत नाही. बाहेर आल्यावर त्याला आयुष्यात एकच काम असतं, कुणाच्या तरी पोटात जायचं. मोठे मासे, पक्षी, खेकडे, सगळे त्याच्यावरच जगतात. संशोधकाला या माशाबद्दल फार जिव्हाळा होता. का, ते त्याच्या ऑफिसात एक दिवस बसलं की कळायचं.

प्रयोगशाळेतला फ्रीज बंद पडला, म्हणून ती बादली घरी आली होती. अंड्यांना थंड, अंधारी, कायम दमट जागा हवी होती, आणि घरच्या फ्रीजमध्ये बादली मावत नव्हती. अशी जागा संशोधकाच्या माहितीत एकच होती, आणि नेमकी तीच दुरुस्त करायला सासरे आले होते. वाळूला हात लावू नकोस, हे त्याने बायकोला बजावलं होतं. सासऱ्यांना मुद्दामच सांगितलं नव्हतं. जावई बाथरूममध्ये अंडी सांभाळत बसतो, हे त्यांना कळायला नको होतं.

"बरं, दुसरी आणा की किनाऱ्यावरून," सासरे म्हणाले.

"कालच उधाण येऊन गेलं, बाबा. किनाऱ्यावरची अंडी फुटून पिल्लं समुद्रात गेली. मागे राहिली ती या बादलीत होती."

आणि आज दुपारी समितीची बैठक होती. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला हॉटेलसमोर लांबच लांब भिंत बांधायची होती. ती झाली की अंडी घालायची वाळू तिच्याखाली कायमची गडप होणार. इथे मासा अंडी घालतो हे जिवंत पुराव्यासह दाखवा, भिंत थांबवतो, असं समितीचं म्हणणं होतं.

संशोधकाने स्वयंपाकघरातून चमचा आणला आणि भिंत खरवडायला घेतली.

"ओल्या प्लास्टरला चमचा?" सासऱ्यांनी थापी मध्ये आडवी धरली. "अगं, याला आवर."

बायको धावत आली. तोवर संशोधक चमच्यातला गोळा भिंगाखाली धरून बसला होता.

"जिवंत आहे का?" तिने हळूच विचारलं.

"सिमेंटमध्ये आहे ते."

त्याने संचालकबाईंना फोन लावला. "मॅडम, अंडी भिंतीत गेली."

"भिंत बांधली पण त्याने?"

"ती नाही. माझ्या बाथरूमची."

 मग बाई म्हणाल्या, "बैठकीला या. काय सांगायचं ते तुम्हीच सांगा," आणि फोन बंद झाला.

संशोधकाने भिंतीला डोकं टेकवलं. प्लास्टरवर कपाळ उमटलं. सासरे निमूटपणे पुढे आले, त्यांनी ते थापीने सारखं केलं आणि म्हणाले, "सामान चांगलं होतं हो, म्हणून जमलं. नाहीतर खारट वाळू भिंत फुगवते. आधी चांगली खळाखळा धुतली."

संशोधकाने डोकं वर केलं. "खळाखळा?"

"मग काय, कुरवाळायची होती?"

"ते पाणी कुठाय?"

"टबात," बायको म्हणाली. "वाया कशाला घालवायचं? तुमचा पांढरा शर्ट भिजवलाय त्यात."

"साबण घातलास?"

"संपलाय. सकाळपासून सांगतेय, आणा म्हणून."

संशोधकाने शर्ट अलगद उचलला. कॉलरला केसासारखं काहीतरी पारदर्शक वळवळत होतं, आणि त्याला दोन काळे डोळे होते. मग बाहीवर दिसलं. मग टबभर. खळाखळीला लाट समजून पिल्लं बाहेर आली होती, पण गोड्या पाण्यात त्यांचा जीव किती टिकणार?

"मीठ," संशोधक म्हणाला.

बायकोने डबा उघडला. "चवीनुसार?"

"समुद्रानुसार."

बैठकीला संशोधक ओल्या शर्टाने गेला. टेबलावर त्याने लोणच्याची बरणी ठेवली. समितीचे अध्यक्ष चष्मा वर करून आत बघत राहिले, आणि आतून बरेच डोळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"ही आमच्याच किनाऱ्यावरची कशावरून?" हॉटेलवाल्याने विचारलं.

मग संशोधकाला सगळंच सांगावं लागलं. याच किनाऱ्यावर भरलेली बादली, सासरे, थापी, शर्ट. अध्यक्षांनी मान डोलावत ऐकलं आणि निर्णय दिला: भिंत रद्द. या किनाऱ्यावरची वाळू आजपासून कुठल्याही बांधकामाला वापरायची नाही. आणि जिथे वापरली गेली असेल ते बांधकाम पाहणी होईपर्यंत सील.

"असं एकच बांधकाम आहे," संचालकबाई वहीतून डोकं वर न काढता म्हणाल्या.

संध्याकाळी ऑफिसच्या शिपायाने बाथरूमच्या दाराला लाखेचं सील ठोकलं. पाहणी कधी, ते त्याला माहीत नव्हतं.

"बंदच राहू दे," सासरे समाधानाने म्हणाले. "नवीन प्लास्टरला हात नको लागायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी संशोधक, त्याची बायको आणि सासरे, तिघं टॉवेल घेऊन किनाऱ्यावरून चालले होते. आसपास बाहेरच्या माणसाला आंघोळ करू देणारी जागा एकच होती. हॉटेलवाला दारातच उभा होता.

"या, या," तो म्हणाला. "तुमच्यासाठी समुद्राकडची खोली काढून ठेवलीय. दाराला कडी नाही, पण देखावा बघा, कसा मोकळा. मध्ये भिंतच नाही."

शॉवरखाली उभं राहिल्यावर संशोधकाला बाहेर पाण्यावर पक्ष्यांचा थवा दिसला. पक्षी सूर मारून मारून खात होते. टॉवेल एका हाताने घट्ट धरून, दुसऱ्याने दार दाबून धरत तो बघत राहिला. कुणी गदागदा हलवेपर्यंत बाहेर यायचंच नाही, ही त्या माशाची बाजू आज पहिल्यांदाच त्याला पूर्ण पटली.

बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. "जावईबापू, लवकर आटपा. या हॉटेलच्या भिंतींनाही ओल आलीय. मालकांशी बोलतोय मी."