पाळकसाहेब कधीही येतील

"आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेसातला कुटुंबाची प्रार्थना असते, साहेब. एक दिवस खाडा नाही," असं शेखर भालेराव रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर बोलून गेला, आणि तिथेच सगळं बिघडलं. खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. पण महिनाअखेरीस चर्चच्या कारभारासाठी मंडळीचा एक नवा पंच नेमायचा होता, आणि पंच व्हावं ही शेखरची फार वर्षांची इच्छा होती. त्यात नवे पाळकसाहेब एकटे सापडले, आणि जिभेला काय, हाड नसतं.

पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. "फार छान. मग मीही एखाद्या दिवशी येऊन बसेन तुमच्यात. दिवस सांगत नाही हं, उगाच तयारी करत बसाल."

खरं सांगायचं तर शरणपूरच्या त्या घरात साडेसातला टीव्हीवर मालिका लागत असे. शेवटची एकत्र प्रार्थना मुलाच्या, सनीच्या दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी झाली होती, आणि सनी आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. रोज न चुकता प्रार्थना करणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे शेखरची आई, आक्काबाई. त्या आपल्या खोलीत, आपलं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मांडीवर घेऊन एकट्याच बसायच्या.

"म्हणजे आता रोज बसायचं?" शेखरच्या बायकोने, उज्वलाने विचारलं.

"साहेब येऊन जाईपर्यंत गं. चार-पाच दिवसांचा प्रश्न आहे."

"आणि नाही आले तर?"

"कधीही येतील. म्हणून तर रोज बसायचं."

सोमवारी साडेसातला टीव्ही बंद झाला. शेखरला लग्नात मिळालेलं शास्त्र शोकेसमधून बाहेर आलं. त्याची सोनेरी कडेची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. उज्वलाने बरी साडी नेसून चिवड्याची प्लेट झाकून ठेवली. आक्काबाई मधोमध येऊन बसल्या आणि शेखरला म्हणाल्या, "तुझे वडील असताना होते तेच नियम. आमेन होईस्तोवर डोळे उघडायचे नाहीत, उठायचं नाही. आणि प्रार्थनेत कुणी काय बोललं, त्यावर नंतर वाद घालायचा नाही. ते देवाशी बोललेलं असतं."

पहिले दोन दिवस सगळ्यांनी चांगल्या हवापाण्याबद्दल उपकार मानले. तिसऱ्या दिवशी लोक मोकळे झाले.

"हे प्रभू," उज्वला डोळे मिटून म्हणाली, "माझ्या नवऱ्याला सद्बुद्धी दे. मोरीतला नळ दिवाळीपासून गळतोय. तुला तर दिसतोच आहे."

शेखरने तोंड उघडलं आणि नियम आठवून मिटलं. पाळी आल्यावर मात्र त्याने उत्तर दिलं, "हे प्रभू, आजकाल प्लंबर मिळत नाही हे तू जाणतोस. माझ्या बायकोला धीर दे."

मग सनीची पाळी आली. "प्रभू, माझा गणिताचा पेपर गेला. पप्पा हे शांतपणे ऐकून घेताहेत, त्याबद्दल तुझे उपकार मानतो."

"आमेन," आक्काबाई ठणकावून म्हणाल्या.

जेवताना शेखरला बरंच काही बोलायचं होतं, पण नियमाने त्याला फक्त लोणचं मागता आलं. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्यानंतर प्रार्थना झाली की बापलेक गणिताचं पुस्तक काढून बसायला लागले. पाळकसाहेब मात्र आले नाहीत.

दहाव्या दिवशी, शेखरची प्रार्थना चालू असताना दारावरची बेल वाजली.

आले, शेखर मनात म्हणाला. उठायची तर सोय नव्हती, आणि उठावं असं त्याला वाटतही नव्हतं. बाहेर उभ्या असलेल्या साहेबांच्या कानांवर चार शब्द पडले तर बरंच. त्याने आवाज चढवला. घोटीच्या भातशेतीपासून हरसूलच्या आठवडे बाजारापर्यंत सगळ्यांसाठी त्याने मागितलं. पुन्हा बेल वाजली. "आणि आमच्या शेजाऱ्यांवर, विशेषतः निवृत्तीरावांवर, तुझ्या आशीर्वादाचा वर्षाव कर. अगदी भरभरून कर." आता दारावर थापा पडू लागल्या.

"पप्पा, आवरा," सनी पुटपुटला. शेखरने परदेशांसाठी प्रार्थना सुरू केली.

वीस मिनिटांनी आमेन झाल्यावर त्याने हसतमुखाने दार उघडलं. "सलाम साहेब."

दारात शेजारचे निवृत्तीराव उभे होते. द्वारका चौकात त्यांचं टायरचं दुकान होतं आणि एरवी माणूस शांत. या घडीला मात्र ते डोक्यापासून पायापर्यंत निथळत होते.

"शेखरराव, तुमची टाकी वाहतीये. आधी मोटार बंद करा, मग काय ते बोला. सगळं पाणी आमच्या गॅलरीत आलं. नवी गादी उन्हात टाकली होती, ती बुडाली."

मोटार शेखरनेच सव्वासातला लावली होती. तो धावत जाऊन बंद करून आला. "अहो, मग इतका वेळ तुम्ही नुसते..."

"नुसता कुठं? बेल दाबून दाबून बोट दुखलं. दारच ढकलणार होतो, पण आतून माझंच नाव ऐकू यायला लागलं. म्हटलं, कुणी आपल्यासाठी इतकं मागतंय, तर मधे कशाला पडा."

कापसाची गादी वाळायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस निवृत्तीराव शेखरच्या गादीवर झोपले आणि शेखर चटईवर.

पुढच्या रविवारी शेखरने पाळकसाहेबांना गाठलंच. "साहेब, पंधरा दिवस झाले. आमच्याकडे काही आला नाहीत."

"मी येणार नाहीये," साहेब ओशाळून म्हणाले. "तुम्हाला सांगायचं नाही अशी ताकीद होती, पण पाळकाने किती दिवस लपवायचं? त्या दिवशी तुम्ही गाडी काढायला गेलात, तेव्हा तुमच्या मातोश्री मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला म्हणाल्या, 'साहेब, नुसतं येतो म्हणा, पण येऊ नका. तुम्ही येऊन गेलात की दुसऱ्या दिवशी परत टीव्ही लागेल.'"

शेखरचे कान तापले. तरी जाता जाता त्याने विचारलंच, "आणि ते पंचाचं?"

"अरे हो, अभिनंदन. तुमच्याच घरचं नाव ठरलंय."

शेखरची छाती फुगली.

"आक्काबाई," साहेब म्हणाले. "कमिटीत एकमत झालं."

त्या संध्याकाळी साडेसातला कुणी न सांगता टीव्ही बंद होता. सनीने सतरंजी अंथरली होती.

"काय म्हणाले साहेब?" उज्वलाने विचारलं. "येणारेत का नाही एकदाचे?"

शेखरने आईकडे पाहिलं. आक्काबाई डोळे मिटून मधोमध बसल्या होत्या, कान मात्र इकडेच होते. इतकी वर्षं त्या पलीकडच्या खोलीत एकट्या बसायच्या. मधे फक्त एक दार होतं, आणि ते उघडायला त्याला पंचाचं आमिष लागलं होतं. शेखरला मनापासून लाज वाटली.

"म्हणाले, कधीही येईन," तो आईशेजारी मांडी घालत म्हणाला. "रोज बसावं लागेल."

"आमेन," आक्काबाई म्हणाल्या. प्रार्थना अजून सुरूही झाली नव्हती.