रन फोल्डरातली फाईल

यंत्राकडून उत्तर कसं काढावं, हे पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही, असं मी परवापर्यंत आमच्या अख्ख्या मळमड्डी भागात सांगत होतो!

आमच्या वाचनालयात माझी पुतणी मेधा हिने लिनक्स या फुकट प्रणालीवर चालणारा संगणक बसवला. चार वाजता समितीची बैठक. तोवर सभासदांची कार्डं छापून निघाली नाहीत, तर अध्यक्ष अंबूताई संगणक परत पाठवून जुनी वही काढणार होत्या. आणि प्रिंटर रुसलेल्या जावयासारखा गप्प.

मेधाने हुबळीहून फोनवर समजावलं. प्रिंटरसाठी त्याचा प्रोग्रॅम घालायला हवा, पण लिनक्स दोन तऱ्हांचं. एकात हवा तो प्रोग्रॅम वरून घालता येतो. दुसरं म्हणजे शिजून, डबा बंद होऊन आलेली अख्खी इमेज. त्यात मधेच मीठ घालता येत नाही, डबाच बदलावा लागतो. तिने दोन्ही बसवून पाहिली होती, शेवटी कुठलं ठेवलं ते आठवत नव्हतं.

"काका, 'रन' फोल्डरात 'ओएसट्री-बूटेड' नावाची फाईल आहे का, एवढंच बघा. असली तर इमेजवालं."

मी बघितलं. नव्हती.

आता फाईल नाही, असं कळवायचं? सबंध नोकरीत ते पाप मी केलं नाही. कागद नसला की आम्ही तो करून लावत असू. पासवर्ड मेधाने दिलेलाच होता. एक कोरी फाईल केली, जागच्या जागी लावली आणि कळवलं, "आहे."

अख्खा डबा बदलायचा म्हणून मेधा पेनड्राइव्ह घेऊन जलद 'चिगरी' बसने धावत आली. साडेतीन वाजले होते. अंबूताई वहीवरची धूळ झटकत होत्या. "बिड्री अण्णा," त्या मला म्हणाल्या, "वहीला असलं काही विचारावं लागत नाही."

मेधाने आधी संगणक बंद करून चालू केला. फाईल गायब! 'रन' दर खेपेला कोरा होतो. खरी इमेज असती, तर फाईल आपोआप परत आली असती, म्हणे. मग ती सावकाश माझ्याकडे वळली.

"काका, फाईल होती?"

"होती."

"मी सांगायच्या आधीपासून?"

"नव्हती. म्हणून केली."

तिने साध्या पद्धतीने प्रिंटरचा प्रोग्रॅम घातला. पाच मिनिटं लागली. चाराच्या ठोक्याला कार्डं बाहेर पडू लागली.

बैठकीत ठराव एकमताने झाला: संगणक राहील, आणि मी त्याच्यापासून चार हात लांब राहीन. इतिवृत्तात तो लिहायला मलाच बसवलं. अक्षर चांगलं आहे माझं.