नवागताची भीती: कार्यवाही आणि अहवाल

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता वडगावातल्या परशरामआप्पांच्या घरातलं मांजराचं पिल्लू तांदळाच्या पिंपामागं शिरलं आणि बाहेर यायला त्यानं नकार दिला. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या आप्पांनी या बाबीची तातडीनं दखल घेतली.

पिल्लू आदल्या दिवशी ओमकारनं, म्हणजे आप्पांच्या मुलानं, एका दुकानाच्या शटरखालून उचलून आणलं होतं. राखाडी, मूठभर, कान तेवढे मोठे.

"भ्यालंय ते," आप्पांची बायको मालुबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या की. यील भूक लागल्यावर."

"भ्यालंय हे कशावरून? पाहणी झाली?"

मग पाहणी झाली. आप्पा, मालुबाई, ओमकार आणि शेजारचे यंत्रमागवाले यमनाप्पा असे चौघं जमिनीवर पालथे पडले आणि चौघांनी चार बॅटऱ्या पिंपामागं मारल्या. पिल्लू भिंतीत शिरायचं तेवढं राहिलं. आप्पांनी नव्या वहीत नोंद केली : 'भीती आढळली. पाहणीदरम्यान वाढली.'

ओमकारनं मोबाईलवर तज्ज्ञांचा सल्ला शोधून मोठ्यानं वाचला. नव्यानं घरात आलेल्याला स्वतंत्र खोली द्यावी. टक लावून बघू नये. सगळ्यांनी एकदम हाताळू नये. आधीच्या घरातली एखादी ओळखीची वस्तू जवळ असू द्यावी. आपणहून जवळ येईपर्यंत धीर धरावा.

"किती बारीक विचार केलाय बघा," मालुबाई म्हणाल्या. "मुकं जनावर ते. त्याला काय सांगता येतंय व्हय?"

स्वयंपाकघरात भाकरी थापणारी नीलम एकदाच हसली. नीलम म्हणजे ओमकारची बायको. लग्नाला दीड महिना झाला होता. माहेरच्या गुंजीहून ती या घरात आली त्या दिवशी पन्नासेक बायकांनी तिची हनुवटी वर करकरून तोंड बघितलं होतं.

"काय झालं गं?" मालुबाईंनी विचारलं.

"काय न्हाय, आत्ती."

घरात शांत खोली एकच होती, ओमकार-नीलमची. ती त्याच दिवशी पिल्लाच्या नावे झाली. नीलमचं अंथरूण बाहेरच्या सोप्यात आलं. कुकरच्या शिट्ट्यांवर बंदी आली. देवाची घंटा कपाटात गेली. राहिला यमनाप्पांचा यंत्रमाग.

"जरा हळू चालवा," आप्पा म्हणाले.

"आप्पा, माग हळू चालत न्हाय. एकतर चालतोय, न्हायतर बंद असतोय."

"मग बंद ठेवा."

"आन साडी?"

"साडीला भीती वाटत न्हाय, यमनाप्पा."

शेवटी आप्पांनी पाहणी करणाऱ्या चौघांची समिती केली; यमनाप्पांना तिचं उपाध्यक्षपद मिळाल्यावर माग पाहणीच्या वेळी बंद राहू लागला. पाहणी दिवसातून तीनदा व्हायची. चौघंही दार ठोठावून आत जायचे, पलंगाखाली वाकायचे, आणि आप्पा विचारायचे, "भीती कमी झाली काय?" पिल्लू गुरगुरायचं. चौथ्या दिवशी त्यानं दूधही सोडलं. आप्पांनी पाहण्या तीनाच्या पाच केल्या.

आठव्या दिवशी दुपारी आप्पा पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकले. नीलम भिंतीला टेकून मेथी निवडत होती. पिल्लू तिच्या पदरावर पसरलं होतं. ती मान खाली घालून हलक्या आवाजात त्याला गुंजीच्या फणसांविषयी सांगत होती. दीड महिन्यात तिला सलग चार वाक्यं बोलताना आप्पांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांना क्षणभर तिथंच उभं राहावंसं वाटलं. पण बाब नोंद घेण्यासारखी होती.

"काय केलंस तू?"

नीलम दचकली. पिल्लूही दचकलं.

"काय न्हाय, मामा. मी त्याच्याकडं बघितलंच न्हाय. त्येच आलं."

"बघितलंच नाहीस. किती दिवस?"

"चार."

दुसऱ्या दिवसापासून 'नियोजनबद्ध दुर्लक्ष' सुरू झालं. चार ते पाच या वेळेत समिती स्वयंपाकघरात पाठ करून ओळीनं बसे आणि एकदिलानं दुर्लक्ष करी. नीट दुर्लक्ष होतंय की नाही हे आप्पा दर पाच मिनिटांनी वळून तपासत. त्या गर्दीत नीलमला चुलीपर्यंत पोचता येईना. पिल्लू फळीवरच्या डब्यांमागं गेलं. नीलमची 'भीती-निवारण अधिकारी' म्हणून नेमणूक झाली आणि तिनं रोज दोन अहवाल द्यावेत असं ठरलं.

"मामा, मला माहेरी जायचंय," नीलम म्हणाली. "पिल्लू संगं नेते."

"अर्ज दे."

तिनं दिला. कारणाच्या रकान्यात तीनच शब्द होते : 'घरात भीती वाटते.'

आप्पांनी चष्मा सारखा केला. "वाक्य अपुरं आहे," ते म्हणाले, आणि लाल पेनानं वर एक खूण करून त्यांनी राहिलेला शब्द घातला : 'पिल्लाला'.

मालुबाईंनी अर्ज हातात घेतला. दोनदा वाचला. "अवो, हे पिल्लाचं न्हाय."

"मग कुणाचं?"

मालुबाईंनी अर्ज त्यांच्या हातात परत दिला. चाळीस वर्षांपूर्वी त्याही सदलग्याहून याच घरात आल्या होत्या. तेव्हा अर्जाची सोय नव्हती. त्या आत गेल्या आणि नीलमच्या पिशवीत त्यांनी दशम्या बांधून दिल्या. "सावकाश ये," एवढंच म्हणाल्या. "घाई करू नगंस."

अर्ज मंजूर झाला. सकाळच्या गाडीनं नीलम गेली. टोपलीतलं पिल्लू स्टेशनपर्यंत एकदाही ओरडलं नाही. परत आलेला ओमकार सोप्यात बसून राहिला.

दुपारी अकरा मिनिटं पाहणी चालली. पलंगाखाली, पिंपामागं, फळीवर, सगळीकडं बॅटऱ्या मारल्या गेल्या. घर कधी नव्हे इतकं शांत होतं. आप्पांनी अंतिम अहवाल लिहिला : 'सद्यस्थितीत या घरात कोणालाही भीती वाटत नाही. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य.'

अहवालाचा फोटो त्यांनी ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. संध्याकाळपर्यंत एकशे बारा जणांनी, न उघडता, अंगठा वर केला. त्यांची यादी आप्पांनी जपून ठेवली आहे. सत्तेचाळिसावं नाव तुमचं आहे.