पहिल्या टेबलावरच्या मॅडम

आमच्या चिखलीत डॉ. रत्नमाला मॅडमना कोणी नमस्कार करत नाही. करायची सोयच नाही. जोडलेले हात दिसले की त्या ते सोडवतात, उलटेसुलटे करून पाहतात आणि विचारतात, "काय लावलं याले?" मॅडम कातडीच्या डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी सरकारी दवाखान्यात कुष्ठरोग्यांचे हात हातात धरून काढली, ती सवय सुटलेली नाही. बाजारात त्यांची स्कूटी दिसली की बायका हात पदराखाली घेतात आणि पुरुष खिशात घालतात.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "काय काय लावलं ते आधी सांग, रोग मंग सांग." कारण आमच्याकडे गजकर्णाला टूथपेस्टपासून बॅटरीच्या पाण्यापर्यंत सगळं लावून झाल्यावरच माणूस डॉक्टरची पायरी चढतो. एका लग्नात आहेर देता देता त्यांनी नवरदेवाची हनुवटी वर केली. "गोरं व्हायची ट्यूब लावून राह्यला ना बे?" नवरदेव इतका लाल झाला की ट्यूबची सगळी मेहनत वाया गेली.

माझी बसस्टँडजवळ खानावळ आहे. भाकरी, वांग्याची भाजी, वरण, ठेचा. मागे माझ्या तळहातांवर चट्टे उठले आणि कातडी सोलून निघायला लागली. भाकरी थापणारीचे हात, झाकणार कुठं? गिऱ्हाईक ताटाआधी माझ्या हातांकडे बघू लागलं. पुढं बघायचंही थांबलं, कारण यायचंच थांबलं. मी विधवा बाई, मुलगी बुलढाण्याला नर्सिंग शिकते. खानावळ बुडाली तर आमचं कसं व्हायचं, या विचारानं माझी झोप उडाली.

शेवटी मॅडमकडे गेले. काय काय लावलं ते सांगण्यातच बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "सोरायसिस हाय. कोनाले लागत नाही. औषधानं दबते, पन टाइम लागते."

"हे लोकायले कोन सांगन, मॅडम?"

त्या औषधाची चिठ्ठी लिहू लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र खानावळीत आल्या आणि रस्त्याकडे तोंड करून पहिल्याच टेबलावर बसल्या. "वाढ," म्हणाल्या.

मग त्या रोज येऊ लागल्या. रस्त्यानं जाणारा ओळखीचा पेशंट दिसला की हाक मारायच्या. "ये बे, जेवून जा. मी खाऊन राह्यली, तुले काय होते?" कातडीची डॉक्टरच खाते म्हटल्यावर लोक बसू लागले. आणि लोक बसले की मॅडम खरूज, नायटा, पू यांच्या गोष्टी काढायच्या. गिऱ्हाईक त्यांनी आणलं हे खरं, त्यातलं थोडं त्यांनीच ताटावरून उठवलं हेही खरं. एकदा मी म्हटलं, "मॅडम, पुवाच्या गोष्टी जेवन झाल्यावर सांगत जा." "बरोबर हाय तुझं," म्हणाल्या आणि टाचांच्या जळवातांवर आल्या.

माझ्यासाठी एवढं काऊन करता, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्या भाकरी मोडत म्हणाल्या, "माह्या आजीच्या हातचं पानी गावात कोनी पेत नव्हतं. तिले तर रोगही नव्हता." मी पुढची भाकरी वाढली.

हळूहळू हात निवळले. दुपारी लोक जागेसाठी उभे राहू लागले. आता मॅडमना मोकळं करावं, असं माझ्या मनात आलं. म्हटलं, "तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पन माह्यासाठी रोजची धावपळ आता नका करू. घरी निवांत जेवत जा."

"हाव," त्या म्हणाल्या आणि हात धुऊन गेल्या.

त्या आठवड्यात त्या फिरकल्या नाहीत. नंतर हात दाखवायला मी दुपारची दवाखान्यात गेले, तर मॅडम एकट्याच बसून चहात बिस्किट बुडवून खात होत्या. मला बघून त्यांनी पुडा खणात टाकला.

"हे जेवन?"

"एकटीसाठी कोन गॅस पेटवते, शोभा?"

इतके दिवस मी समजत होते, या बाई माझ्या एकटीच्या भल्यासाठी येतात. "उठा," मी म्हटलं, "ताट वाढून आली."

ताट काही वाढलेलं नव्हतं, पण त्या उठल्या. खानावळीत पोचल्यावर मी पहिलं टेबल मोकळं करायला लागले, तर "राहू दे" म्हणून थेट आत आल्या आणि माझ्या शेगडीजवळ पाट ओढून बसल्या. तिथून रस्ता दिसत नाही. रोगाची एकही गोष्ट न काढता जेवल्या. निघताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शोभा, उद्या पातोडीची भाजी करशीन का? माय करे."

इतक्या दिवसांत, जे वाढलं ते त्यांनी खाल्लं होतं. अमुक कर, असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

"करीन ना," मी म्हटलं, आणि त्या दारातून बाहेर पडायच्या आत बेसनाचा डबा खाली काढला.